योजनेबाहेरची पट्टी

मातीचा अहवाल टपालाने आला तेव्हा सून चहा गाळत होती. पाकीट फोडून तिनं एकच ओळ वाचली आणि गाळणं तसंच कपावर राहिलं.

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या शेताच्या मातीत सेंद्रिय कर्ब १.४ टक्के होता. आता १.१.

म्हणजे तीन वर्षं नांगर न लावता, पीक निघालं की जमीन उघडी न ठेवता आणि पिकाची उरलेली काडी न जाळता तिनं माती बिघडवली होती, असं कागदाचं म्हणणं. सरकारची अट साधी होती. कर्ब वाढला तर अनुदान पुढची पाच वर्षं चालू, नाही वाढला तर बंद. आणि बंद झालं की शेडमधलं ते हिरवं यंत्र, न नांगरता थेट काडीत पेरणारं, परत जाणार. यंत्र गेलं की पुन्हा नांगर. सह्या घ्यायला योजनेच्या तपासनीस बाई आजच दहा वाजता येणार होत्या.

शेतीला लागण्याआधी सून शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. आकडा आवडला नाही तर आधी तो तपासायचा, मग काय वाटायचं ते वाटून घ्यायचं, ही तिची जुनी शिस्त. शिवाय तिच्याकडे गांडुळांची वही होती. दर हंगामात ती शेतात एकाच मापाचा खड्डा खणून गांडुळं मोजायची. पहिल्या वर्षी चार, या वर्षी सत्तावीस. बिघडलेल्या जमिनीत गांडुळं संसार थाटत नाहीत, एवढं तिला ठाऊक होतं.

तिनं जुना अहवाल काढून नव्याशेजारी ठेवला आणि कर्ब सोडून बाकीचे रकाने वाचले. स्फुरदावर, म्हणजे फॉस्फरसवर, तिचं बोट थांबलं. तेव्हा ९६, आता २१. त्यांच्या शेतात एवढं स्फुरद कधीच नव्हतं. इतकं सापडतं ते वर्षानुवर्षं शेण पडलेल्या जागी.

सासरे समोर बसून चहाची वाट बघत होते. ट्रॅक्टरनं नांगरलेलं त्यांचं प्रत्येक तास, म्हणजे नांगराची रेघ, इतकं सरळ असे, की लोक त्यांना ‘दोरी’ म्हणत आणि त्यांना ते आवडे.

“बाबा, मी बाळंतपणाला आईकडे होते तेव्हा मातीचा नमुना तुम्हीच दिलात ना? कुठली माती दिलीत?”

“शेतातली. बाजारातून आणणार होतो काय?”

“शेतात कुठली?”

“चांगली.”

“बाबा.”

दोरींनी रिकामा कप सरळ केला. “विहिरीपाशी जुना उकिरडा होता ना, तिथली. काळीभोर, भुसभुशीत. अगं, दारात आलेल्या पाहुण्याला कुणी करपलेलं वाढतं का? तो सरकारी माणूस मातीच बघायला आला. म्हटलं, घरातली चांगली दाखवावी.”

“तो पाहुणा नव्हता, डॉक्टर होता. डॉक्टरपुढे कुणी पोट आत ओढून उभं राहतं?”

“मी राहतो,” दोरी म्हणाले.

हसू आलं तरी तिनं ते आवरलं. योजनेची पुस्तिका तिला तोंडपाठ होती. पहिला नमुना चुकला होता असं शेतकऱ्यानं अहवालावर सही होण्याआधी स्वतःहून लिहून दिलं, तर फेरतपासणी मागता येते. मात्र माती आधी कशी होती, त्याचा पुरावा द्यावा लागतो.

“पुरावा कुठून आणशील?” सासरे म्हणाले. “तीन वर्षांपूर्वीची माती काय बरणीत घालून ठेवलीय? आणि मी लिहून द्यायचं? उद्या पारावर-दुकानात सगळीकडे तेच. दोरीनं सरकारला उकिरडा दिला.”

सून खिडकीतून बघत होती. हिरव्या शेताच्या मधोमध एक उघडी, तपकिरी पट्टी होती. योजनेत जायचं ठरलं तेव्हा सासरे दोन दिवस जेवायच्या वेळेपुरते घरात येत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, जा, पण नांगराच्या आठ तासांची एक पट्टी माझी, ती मी मरेपर्यंत नांगरणार. ही पट्टी तीन वर्षं तिच्या डोळ्यांत सलत होती. नकाशावर ती तिरक्या रेघांनी दाखवली होती, खाली लिहिलं होतं, ‘योजनेबाहेर’.

“ठेवलीय की,” ती म्हणाली. “बरणीत नाही, पट्टीत. जमीन तीच, पाणी तेच, नांगर तुमचा. तिची माती म्हणजे आपली जुनी माती.”

सासऱ्यांनी पट्टीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “लिहून तूच दे.”

“नमुना तुम्ही दिलात, सांगायचंही तुम्हीच. मी सांगितलं तर ती सुनेची तक्रार होईल.”



तपासनीस बाई बरोबर दहाला आल्या. बूट दाराबाहेर काढून टेबलाशी बसल्या आणि चेन बिघडलेल्या बॅगेतून कागद ओढून काढले. “ताई, वाईट वाटतं, पण कर्ब घटलाय. इथे सही करा, आजोबा. जमीन तुमच्या नावावर आहे.”

सुनेनं हातातलं पेन पुढे केलं नाही आणि मागेही घेतलं नाही. दोरी उठले नि बाहेर गेले. बाई घड्याळ बघू लागल्या. सुनेनं चहा ओतला. चाळीस वर्षं सरळ नांगरणारा माणूस फार वेळ वाकडा चालणार नाही, हे तिनं गृहीत धरलं होतं.

ते परत आले तेव्हा दोन्ही हातांत एकेक वाळकं ढेकूळ होतं. त्यांनी पाण्याचे दोन ग्लास घेतले आणि सून आपल्या लेकीला दाखवायची तसं प्रत्येकात एक ढेकूळ अलगद सोडलं. डावीकडचं लगेच विरघळू लागलं. मिनिटभरात ग्लासात गढूळ पाणी आणि तळाशी चिखल. उजवीकडचं तसंच बसून राहिलं. पाणी स्वच्छ, आत चार-दोन बुडबुडे.

“हे माझ्या पट्टीतलं,” चिखलाकडे बोट दाखवून ते म्हणाले. “आणि हे हिच्या शेतातलं, कर्बानं धरून ठेवलेलं. तीन वर्षांपूर्वी सगळं शेत माझ्यासारखंच होतं. मी तुमच्या माणसाला उकिरडा दिला होता, बाई. कागद आणा, लिहून देतो.”

बाईंनी चष्मा काढून दोन्ही ग्लास उजेडात धरले. “आजोबा, उकिरडा देणारे बरेच भेटतात. लिहून देणारे तुम्ही पहिले.”

मग शेतात पंधरा ठिकाणी आणि पट्टीत पंधरा ठिकाणी गिरमिट फिरवून माती काढली गेली. बादली दोरींनी धरली, आणि बाई जरा चांगल्या दिसणाऱ्या जागेकडे वळल्या की तेच म्हणत, “तिथली नको. इथली घ्या.”

तीन आठवड्यांनी पत्र आलं. पट्टी ०.६, शेत १.१. अनुदान चालू. सुनेला आश्चर्य वाटलं नाही. तिनं पत्र वहीत ठेवलं आणि यंत्रावरचं झाकण काढायला शेडकडे गेली, तर सासरे आधीच तेलाचा डबा घेऊन यंत्राखाली आडवे.

“हे काय, बाबा?”

“पट्टीपण यानंच पेरून टाकू म्हटलं यंदा. उगाच मधोमध टक्कल दिसतं.”

“तसं नाही करता येणार.” तिनं पत्राचा शेवटचा परिच्छेद वाचून दाखवला. तुलनेसाठी सदर पट्टी पुढील पाच वर्षे पूर्वीप्रमाणेच नांगरणे शेतकऱ्यास बंधनकारक राहील.

दोरी यंत्राखालून बाहेर आले. “म्हणजे तुम्ही सगळे सुधारणार आणि मी सरकारी हुकमानं बिघडत राहणार?”

“तुम्हीच म्हणाला होतात, मरेपर्यंत नांगरणार.”

“बोललो होतो खरं,” ते म्हणाले, हात पुसले आणि ट्रॅक्टरची किल्ली मागितली.

दुपारी तिनं खिडकीतून पाहिलं. पट्टीतलं तिसरं तास मधेच चांगलं वीतभर वाकडं झालं होतं. ट्रॅक्टर उभा होता, आणि दोरी खाली उतरून तिच्या शेतात उकिडवे बसून काडी बाजूला सारत गांडुळं मोजत होते.