दोन टोकांची किल्ली

डिचोलीपलीकडच्या त्या डोंगराआडच्या वाडीत मोबाईलला रेंज नव्हती. सत्यवतीबाईंचा फोन चाले तो घरातल्या वायफायवर, आणि नेमकं आजच ते रुसलं होतं.

त्यांचा मुलगा सुदेश मालवाहू बोटीवर होता. चाच्यांचा समुद्र पार झाला की एका बंदरापाशी थोडा वेळ रेंज मिळेल, तेव्हा संध्याकाळी व्हॉट्सॲपवर फोन करतो, असं तो म्हणाला होता. नंतर बोट पुन्हा खोल पाण्यात.

आणि सकाळीच त्यांच्या नवऱ्यानं, गोकुळदासांनी, वाडीतली पोरं फुकट वायफाय वापरतात म्हणून, राउटरचा पासवर्ड बदलला होता. तेव्हापासून फोन एकच सांगत होता, किल्ली चुकीची.

सोप्यावर वायरने जोडलेल्या जुन्या कॉम्प्युटरपुढे गोकुळदास, आत चुलीपाशी सत्यवतीबाई. बाईंनी लागत नाही म्हटलं की ते राउटरवर काहीतरी बदलत, आणि त्यांनी लागत कसं नाही म्हटलं की बाई फोनवर काहीतरी बदलत. उजेड सरत चालला.बाईंच्या बोटांना घाम फुटला. टीव्हीवर पाहिलेले चाचे शिडी लावून बोटीवर चढताना बाईंना सारखे दिसू लागले. पोर हाक मारत असेल आणि आपलं दारच बंद.

न राहवून त्या बाहेर आल्या. पडद्यावर गोकुळदास जुनाच पासवर्ड परत घालून सेव्ह करत होते. फोनमध्ये बाईंनी आत्ताच नवा घातला होता.

"अहो, तुम्ही माझ्यासाठी बदलता, मी तुमच्यासाठी. अशानं दोन टोकं जुळतील कशी?"

"मगे काय करू गे?" त्यांनी विचारलं.

पहिलीच्या पोरांना शिकवण्यात जन्म गेलेल्या बाई म्हणाल्या, "हाताची घडी. तोंडावर बोट."

त्यांनी कीबोर्डवरचे हात काढून घडी घातली. बाईंनी फोनमधलं जुनं नेटवर्क पुसलं आणि पडद्याकडे बघत एकेक अक्षर लिहिलं. फोन थरथरला. आधी भजनी मंडळाचे निरोप कोसळले, मग सुदेशचं नाव आलं. दोन कॉल येऊन गेले होते.

त्यांनी उलट लावला. रिंग जाईना.

"चुकला गे आपला," गोकुळदास पुटपुटले.

"चुकू दे. पार झाला म्हणूनच केला ना त्यानं?" त्या म्हणाल्या. पण त्यांचा अंगठा पुन्हा पुन्हा सुदेशच्या नावावर दाबत होता.