सुटलेलं दावं

"बाई, आता शिवम्मा अजिबात उठत न्हाय," पुढच्या रांगेतला गुंडू कौतुकानं म्हणाला.

आई वारल्यामुळं मेहमुदाबाई आठवडाभर कोडोलीला गेल्या होत्या. आज परत वर्गात पाऊल टाकलं, तशी मुलं पाढे म्हणायची थांबली आणि सगळ्यांनी खिडकीकडं बघितलं. खिडकीखाली शिवम्मा मांडी घालून बसली होती. समोर पाटी. दुसरीतल्या या पोरीला असं बसलेलं बाईंनी कधी पाहिलं नव्हतं. आधी त्यांना बरंच वाटलं. मग नजर तिच्या घोट्यावर गेली. घोट्याला दावं होतं, आणि दाव्याचं दुसरं टोक खिडकीच्या गजाला.

बाई तिच्यापाशी खाली बसल्या. गाठ ओढून ओढून घट्ट झालेली. शेवटी दातांनी सोडवली. घोट्याभोवती लाल वळ उठला होता. शिवम्मा त्यांच्याकडं बघत राहिली.

बारा वर्षं बाई कागलच्या अलीकडच्या या शाळेत शिकवत होत्या. चंचल मुलं पुष्कळ पाहिली, पण शिवम्मा निराळी. एक ओळ लिहिली की उठायची, दुसरी अर्धी टाकून फळा पुसायला धावायची. हिला दटावून उपयोग नाही हे बाईंनी ओळखलं होतं. म्हणून पाट्या वाटायच्या शिवम्मानं, माठ भरायचा शिवम्मानं, पाढे म्हणायचे भिंतीच्या कडेनं चालत. चालताना तिचा एक आकडा चुकत नसे. या दुखण्याला काही नाव असेल, असं बाईंना कधी वाटलंही नव्हतं.

हेडगुरुजी जोतीराम दारात आले. सुटलेलं दावं बघून म्हणाले, "मारलं न्हाई हं, बाई. बोटसुद्धा लावलं न्हाई मी."

"गुरुजी, जनावर आहे का ती?"

"तुमचा वर्ग न् माझा वर्ग, सगळी पोरं माझ्या एकट्यावर. तुमी गेलासा त्याच्या दुसऱ्या दिवशी ही पळाली ती थेट मोठ्या रस्त्यावर. ट्रकवाल्यानं ब्रेक दाबला म्हणून वाचली. काय करायला पायजे हुतं मी?"

बाई गजाकडची गाठ सोडायला लागल्या. गुरुजींचा आवाज खाली आला होता. "आता सोडलासा, तर जबाबदारी तुमची," एवढं बोलून ते गेले.

मधल्या सुट्टीत शिवम्माची आई शांतव्वा रानातनं भाकरी घेऊन आली. दुसऱ्या हातात कागदात बांधलेला गुळाचा खडा होता. "गुरुजींना द्यायचा हाय," ती म्हणाली. "पोरीला वळण लावलं त्येनी."

"वळण? शांतव्वा, तुमच्या पोरीला बांधून घातलं होतं इथं."

"ठावं हाय की. दावं आमचंच हाय. रेडकू मेलं, त्येचं पडून हुतं. मीच आणून दिलं."

बाई नुसत्या बघत राहिल्या. आई गेल्याचं कळलं तेव्हाही त्या अशा सुन्न झाल्या नव्हत्या.

"असं बघू नगासा, बाई," शांतव्वा म्हणाली. "मी दिसभर लोकांच्या रानात भांगलायला जातो. सांजचं घरी आलं की पोरगी जित्ती दिसाय पायजे, एवढंच माझं म्हणणं." मग ती लेकीकडं वळली. "चल गं, भाकरी खा. पिंपळाखाली बसू."

शिवम्मा जागची हलली नाही. तिनं बाईंकडं पाहिलं.

"बाई, उठू का?"

दावं केव्हाचं सुटलं होतं. शाळेची सगळी पोरं बाहेर दंगा करत होती. शांतव्वाचा पुढं केलेला हात तसाच राहिला.

"हिनं असं कवाच इचारलं न्हाय," ती हळूच म्हणाली. "कुणालाच न्हाय."

ती लेकीशेजारी बसली. घोटा मांडीवर घेतला आणि वळावरनं अंगठा फिरवत राहिली. भाकरी तिथंच खाल्ली दोघींनी. जाताना शांतव्वानं गुळाचा खडा पदरात बांधला. गुरुजींच्या खोलीकडं ती गेली नाही.

दुसऱ्या दिवशी मेहमुदाबाईंनी आपली खुर्ची दारात आणून ठेवली आणि तिथं बसून शिकवायला लागल्या. बाहेर जायची वाट त्यांच्यावरून होती, आत सगळी मोकळीक होती. गुरुजी येताजाता बघत आणि पुढं जात. पाट्या वाटायचं काम बाईंनी पुन्हा शिवम्माला दिलं. ते ती करी, आणि परत येऊन मांडी घाली. पाढे बसूनच म्हणे. बसून म्हणताना ते चुकत.

दिवाळी झाली, परीक्षा झाली. पोरगी तिसरीत गेली. बाईंनी तिच्याबरोबर तिसरीचा वर्ग मागून घेतला. दिवसातून कितीदा तरी खिडकीखालून तो बारीक आवाज येई, "बाई, उठू का?"

बाई हातातलं काम ठेवत, आधी स्वतः खुर्चीतून उभ्या राहत, आणि मग म्हणत, "ऊठ, बाळ."