अकरा नंबरची खाट

शिवलीलाने हातमोज्यातल्या बोटाने नंबर लावला.

"गौरी, सिस्टर बोलतेय. आज अप्पा छान आहेत गं. वाटीभर तांदळाची गंजी खाल्ली. उप्पिटाला मात्र नाक मुरडलं."

"बरं झालं, अक्का," गौरी म्हणाली.

फोन ठेवून शिवलीलाने यादीवर खूण करायला पेन टेकवलं आणि तिचा हात थांबला. अकरा नंबरच्या, गौरीच्या अप्पांच्या नावावर रेघ होती. पहाटे तिनेच मारलेली. वॉर्डात सगळे त्यांना मास्तर म्हणत; त्यांचे डोळेही तिनेच मिटले होते.

ती यादी मांडीवर घेऊन स्टुलावर बसली.

गदगच्या एका वसतिगृहात थाटलेल्या त्या कोविड वॉर्डात अठ्ठावीस खाटा. रोज दुपारी चारला अठ्ठावीस घरी फोन करायचा. हे काम कोणी सांगितलं नव्हतं, हिनेच अंगावर घेतलेलं. दोघी नर्स आजारी पडल्या तेव्हा त्यांच्या पाळ्याही हिनेच ओढल्या. म्हाताऱ्यांच्या वेण्या घालायच्या, रुसलेल्यांना चार घास भरवायचे. बाई कसली, वाघीण होती! पण वाघिणीलाही झोप लागतेच ना? पाच रात्री हिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता.

"काय झालं गं?" मोठ्या सिस्टर कस्तुरीअक्का धावत आल्या.

"मास्तरांच्या घरी फोन केला. म्हटलं, गंजी खाल्ली."

कस्तुरीअक्का हलकेच म्हणाल्या, "घरी जा तू. कालपासून सांगतेय."

"मी गेले तर ह्यांचं कोण बघणार? तुम्ही एकट्या? मला काही झालेलं नाही, अक्का."

"तर तर! आरशात तोंड बघ एकदा."

शिवलीलाने पुन्हा तोच नंबर लावला.

"गौरी, मला माफ कर. मघाशी मी…"

"माहीत होतं, अक्का. डॉक्टरांचा फोन सकाळीच आला. दुपारी सगळं आटोपलंसुद्धा."

"अगं, मग मला थांबवलं का नाहीस?"

"तुम्ही इतक्या मायेने सांगत होतात. अव्वानेच खूण केली, बोलू दे म्हणून. शेजारीच बसलीय आई."

शिवलीलाच्या मुखपट्टीच्या आत पाणी उतरू लागलं. पुसायची सोय नव्हती.

"अकरा दिवस तुम्ही अप्पांचं सगळं सांगितलंत," गौरी म्हणाली. "अव्वा विचारतेय, त्या पोरीचं कसं चाललंय? झोपते का ती?"

शिवलीलाने कस्तुरीअक्कांकडे पाहिलं. मग खिडकीकडे तोंड फिरवलं.

"नाही गं," ती म्हणाली. "डोळे मिटले की सगळे खोकताना ऐकू येतात. भीती वाटते मला."

ती बोलतच राहिली. कस्तुरीअक्कांनी तिच्या मांडीवरची यादी अलगद उचलली आणि स्वतःच्या मोबाइलवरून बारा नंबरच्या घरी फोन लावला.