देवमन सरांचा उजवा हात

"देवमन राऊत कोण आहे?" शिपायानं दारातूनच पुकारलं, तसे देवमन सर उठले. उजवा हात त्यांनी फाईलखाली दाबून धरला होता, तो तसाच ठेवला.

अकोल्याच्या त्या कॉलेजात प्लेसमेंट ऑफिसरची जागा निघाली होती. पोरांना नोकरीच्या मुलाखतीसाठी तयार करायचं काम. सरांनी अमरावतीत राजापेठेतल्या आपल्या घरी बावीस वर्षं हेच केलं होतं. अंजनगावची, चांदूर रेल्वेची पोरं मान खाली घालून यायची, आणि सर आधी त्यांना हात मिळवायला शिकवायचे. "ओल्या फडक्यावानी हात देऊ नका. अन् समोरच्याची बोटंई मोडू नका. डोळ्यात पाहा, नाव सांगा." आता पोरं ते सगळं मोबाइलवर बघून घेत. क्लास ओसरत ओसरत चार-पाच जणांवर आला होता. त्यात गेल्या दिवाळीपासून उजवा हात थरथरू लागला. डॉक्टरांनी कंपवात म्हणून सांगितलं. रागिणीला, म्हणजे बायकोला, सरांनी हे कळू दिलं नव्हतं.

आत तिघं बसले होते. मधल्या खुर्चीवर प्राचार्य मॅडम. त्यांच्या डावीकडचा तरुण एकदम उठला.

"सर! मी रोहित. चांदूर रेल्वेचा!"

टेबलाला वळसा घालून तो आला आणि त्यानं हात पुढे केला. न देऊन चालणारच नव्हतं. सरांचा हात त्याच्या तळव्यात गेला आणि पिंजऱ्यातल्या पाखरासारखा फडफडू लागला. रोहितच्या चेहऱ्यावरचं हसू क्षणभर थिजलं. मग त्यानं दुसरा हात वरून ठेवला आणि मॅडमकडे पाठ करून घट्ट धरून राहिला.

प्रश्नोत्तरं चांगली झाली. शेवटी मॅडम हसून म्हणाल्या, "कंपनीवाल्यांसमोर आमची मुलं हात मिळवतानाच घाबरतात. तुम्ही कसं शिकवता? दाखवा ना." त्यांनी टेबलावरून हात पुढे केला.

"मॅडम, मलाच त्यांनी शिकवलंय," रोहित घाईनं म्हणाला. "त्यांची काय परीक्षा घ्यायची?"

सुटता आलं असतं. सरांनी फाईल बाजूला सारली आणि उजवा हात टेबलावर ठेवला. काचेवर बोटं टकटक वाजू लागली.

"मला कंपवात आहे, मॅडम. शिकवता अजून येतं. या हातानं दाखवता येत नाही."

मॅडमनी आपला हात हळूच मागे घेतला. "वाढतो का हा आजार?"

"हो. वाढतो."

"बरं. आम्ही कळवू तुम्हाला."

या वाक्याचा अर्थ सरांनी आजवर कितीतरी पोरांना समजावून सांगितला होता.

रोहित मागोमाग व्हरांड्यात आला. त्याचे डोळे लाल झाले होते. "काहून सांगतलं सर? मी सांभाळून घेऊन राहिलो होतो ना!"

"किती दिवस धरून ठेवशीन बाप्पा माहा हात?" सर म्हणाले आणि जिना उतरले.

घरी त्यांनी पाणीसुद्धा न पिता रागिणीला सगळं सांगून टाकलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मले माईत होतं. दाढी करता तं रोज कापून घेता. तुमी कधी सांगता, तेच पाहून राहिली होती मी." आणि उठून आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही.

आठ दिवसांनी कॉलेजचा मेसेज आला. दुसऱ्याची निवड झाली होती.

त्या दिवशी क्लासला एकटी पौर्णिमा आली होती. अंजनगावची पोरगी, दोन दिवसांवर बँकेची मुलाखत. तिनं आपणहून हात पुढे केला, आणि सरांचा हात उचलता उचलता खाली गेला.

"रागिणी, जरा बाहीर ये."

रागिणी पदराला हात पुसत आली. जन्मात तिनं कोणाशी हात मिळवला नव्हता. सरांनी सांगितलं तशी ती पोरीसमोर उभी राहिली आणि तिनं हात पुढे केला. पौर्णिमानं तो धरला, नाव सांगितलं.

"सोडू काय आता?" रागिणीनं नवऱ्याकडे बघत विचारलं.

सर खुर्चीत बसून त्या दोघींचे हात बघत होते.

"थांब जरासं," ते म्हणाले.