ढिल्या खिळ्याचा फळा

सलाम, मंडळी! मागं वळून कुणाला शोधता? टीव्हीच्या बाजूला तो कडा झिजलेला सागवानी फळा टांगलाय ना, तोच मी. तुमच्याशी बोलून राह्यलो.

राजूरच्या अलीकडं, रस्त्याला लागून आमचं चर्च आहे. रविवारच्या उपासनेत कोणती गीतं गायची, त्यांचे नंबर माझ्या अंगावर लागतात. तातेराव सुतारानं मला एका मोडक्या बाकाच्या फळीतून घडवलं. पत्र्याच्या चकत्यांवर आकडे रंगवले आणि त्या अडकवायला खिळे ठोकले. शेवटच्या खिळ्याच्या वेळी नेमका त्याचा चहा आला. तो खिळा तेव्हापासून ढिला आहे, आणि माझ्या सगळ्या खोड्या तिथूनच निघतात.

शिक्षण म्हणाल तर अर्धंच. शून्य ते नऊ पक्के, अक्षरांशी तेव्हा ओळख नव्हती. पण आकड्यांवर आमचं बिलकुल अडत न्हाई, कारण इथली माणसं बोलतातच नंबरात. एकवीस हे मयतीचं गीत. म्हणून कुणी तोंड पाडून आलं की दुसरा विचारतो, "काय राव, सकाळी सकाळी एकवीस?" दोनशे चौदा लग्नाचं. कुणी नवा शर्ट घातला की बाया कुजबुजतात, "दोनशे चौदा दिसून राह्यलं." प्रार्थना लांबली की चर्चचा कारभार बघणारे पंच कारभारी डोळे मिटून मान डोलवतात. लोकांना वाटतं भक्ती. मी समोर टांगलेला. मला घोरणं ऐकू येतं.

गीत सुरू करायचा मान सगुणाबाईचा. पहिल्या चटईवर बसायची, माझ्याकडं बघायची, पुस्तकाचं बराबर तेच पान उघडायची आणि असा सूर उचलायची, की छपरावरची कबुतरं उडायची.

मंडळीतल्या शीतलच्या लग्नात मी दोनशे चौदामधला चार हळूच खाली सोडला. उरलं एकवीस! सगुणाबाईनं एकदा नवरीकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. पण फळा दाखवील तेच गायचं, हा तिचा नेम. उचलला सूर! मंडळी मागं. नवरदेवाची कॉलर घामानं भिजली. संसार मात्र झकास चालला. पंधरा वर्षं झाली, दोघं अजून जोमानं भांडतात.

आता एक गुपित सांगतो. सगुणाबाईला वाचता येत नव्हतं. आकडे तिला बाजारानं शिकवले. गीतं तिनं कानानं उचलली आणि नंबरासकट पाठ केली. चाळीस वर्षांत कुणाला शंका आली न्हाई. मला आली, कारण गीत पुढच्या पानावर गेलं तरी ती पान उलटायची न्हाई.

मंग टीव्ही आला. पडद्यावर शब्द, नवी नवी गीतं, नंबरच न्हाई! मला सामानाच्या खोलीत फुटक्या ढोलकीशेजारी टेकवलं. दाराच्या फटीतून तेवढं दिसायचं.

उपासना चालवणारे पाळक कल्याणसाहेब म्हणाले, "सगुणाबाई, गीत नवं हाय. पडद्यावर बघून उचला."

"चष्मा घरी राह्यला, साहेब."

पुढच्या रविवारी पुन्हा चष्मा घरी. त्याच्या पुढच्याही. आणि चष्मा कुठं? तिच्याच कपाळावर चढवलेला! चौथ्या रविवारी ती मागं, दाराशी बसली. पाचव्या रविवारी आलीच न्हाई. दुसऱ्या कुणीतरी गीत सुरू केलं. कबुतरं जागची हलली न्हाईत, आणि माझा खिळाही.

रविवारी पोरांच्या शब्बाथशाळेत शिकवणारी अर्पिता हुशार. कपाळावरचा चष्मा तिनं पाहिला होता. तिनं मला बाहेर काढून माझ्या पाठीला काळा रंग दिला, आणि शनिवारी दुपारी सगुणाबाईला हाताला धरून घेऊन आली.

"मावशी, एकवीस नंबरची पहिली ओळ म्हणा."

"मयतीची कशाला? अजून जित्ती हाय मी!"

"बरं, मंग दोनशे चौदा."

"आता या वयात?"

अर्पिता हसली. सगुणाबाईनं म्हटलेली ओळ तिनं माझ्या पाठीवर खडूनं लिहिली. "आता बोट ठेवा. तुम्हाला पाठ हाय, तेच इथं लिवलंय."

ते खरबरीत बोट माझ्या पाठीवरून सरकलं. लई गुदगुल्या झाल्या. पण जन्मात पहिल्यांदा मी हललो न्हाई.

शेतात कापूस फुटेपर्यंत दर शनिवारी हेच, अन् शिकवणी झाली की मी परत सामानाच्या खोलीत. ती शिकली, तिच्या बोटाखाली मीही शिकलो.

हंगामाच्या सणाला वेदीपुढं भोपळे, कणसं, कापसाच्या झोळ्या मांडल्या होत्या. पडद्यावर नवं गीत आलं, पेटीवाल्यानं चाल धरली. पहिल्या चटईवर परत येऊन बसलेल्या सगुणाबाईनं कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला. एकेक शब्द मनाशी जुळवू लागली. एका जोडाक्षरापाशी ओठ अडकले. कल्याणसाहेबांनी पेटीवाल्याला हातानंच थांबवलं. सगळी मंडळी थांबली. मी सामानाच्या खोलीतून दाराच्या फटीला डोळा लावून.

आणि सूर उठला. कबुतरं उडाली!

साक्ष द्यायच्या, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगायच्या वेळी ती उभी राहिली. "मला आजवर वाचता येत नव्हतं. आता येऊन राह्यलं. देवाचे उपकार, अर्पिताचे उपकार, अन् त्या फळ्याचे. त्याला आधी बाहेर काढा."

मंग कारभारी म्हणाले, "वहिनी, मंग चाळीस वर्षं पुस्तक कशापायी धरलं?"

"तुमचं घोरणारं तोंड दिसू नये म्हणून, भाऊजी!"

त्या दिवशी मी पुन्हा भिंतीवर चढलो.

पुढच्या शनिवारी अर्पितानं मला उतरवून पालथं केलं, तोच दार करकरलं. पंच कारभारी! इकडं तिकडं बघत म्हणाले, "सहज आल्तो. फळा बराबर बसला का ते बघायला."

सगुणाबाईनं सरकून चटईवर जागा केली. "बसा भाऊजी. चष्मा घरी राह्यला असंल?"

"हो ना," कारभारी म्हणाले, आणि बसले.

तर मंडळी, रविवारी मी आकडे दाखवतो, शनिवारी पाठ देतो. अजून कुणाचा चष्मा घरी राहत असेल, तर दुपारी तीनला या. लाजू नका, 'ज्ञ' पाहिला की मीही अजून गांगरतो. विनंती एकच. येताना हातोडी आणू नका. तो खिळा तसाच ढिला राहू द्या.

पुढच्या महिन्यात अर्पिताचं लग्न आहे.