सलगचं मत

चेनचा रनर पुन्हा त्याच दातावर अडकला. वरून सुरळीत यायचा, मध्यावर आला की थांबायचा... तिने मेणबत्तीचा तुकडा दातांवरून फिरवला, रनर मागे नेला, पुढे आणला, आणि ओढायचं नसतं, ओढलं की कापड चिमटतं, हे एकोणीस वर्षांच्या कामाने बोटांना पाठ झालेलं असूनही तिने ओढलंच. कापड चिमटलं. पँट मांडीवर ठेवून ती नुसती बसून राहिली. डाव्या कानातल्या इअरफोनमध्ये मास्तर गात होते — गात होते, बोलत नव्हते, आणि भांडण नेमकं त्यावरूनच पेटलं होतं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. सव्वीस वर्षं रॅप करत आलेल्या त्या माणसाला त्याचे चाहते मास्तर म्हणत, आणि आठ वर्षांच्या खंडानंतर शुक्रवारी त्याचा नवा अल्बम आला होता, 'घरचे कपडे' नावाचा. पूर्वी म्हणे ते श्वास न घेता चार-चार मिनिटं शब्दांचा मारा करायचे. आता चाल संथ झाली होती, मध्येच एका बाईचा गोड आवाज यायचा, आणि पहिलं गाणं तर तीन दिवसांत सगळीकडे झालं होतं — कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात, बसमध्ये, समोरच्या जिमच्या उघड्या दारातून. मशीनशेजारी ठेवलेला फोन त्यापायीच सकाळपासून थरथरत होता. फोन तिचा नव्हता, तिच्या भावाचा होता. भाऊ चार महिन्यांपूर्वी गेला, गोदामात, दुपारच्या सुट्टीत डबा खाऊन बसल्या जागी, सदतिसाव्या वर्षी. आणि चाहत्यांच्या त्या चाळीस जणांच्या ग्रुपवर हे अजून कोणालाही माहीत नव्हतं.

'मास्तर विकले गेले,' कॅसेट नावाच्या माणसाने लिहिलं होतं. ग्रुपवर सगळे टोपणनावांनीच वावरत. 'जन्मभर बाजाराला शिव्या घातल्या आणि उतारवयात त्याच बाजारात घरचे कपडे घालून उभे राहिले.'

'सगळ्यांना कळायला लागलं की तुझ्या पोटात का दुखतं?' हा पोस्टमन. तो खरोखरच टपाल वाटायचा. 'माझ्या वाटेवरच्या एक आजीबाई परवा गुणगुणत होत्या. मी पार्सल धरून दारात उभाच.'

'तेच म्हणतोय. आजीबाईंसाठीच केलंय.'

'मग आजीबाईंना काय कान नसतात?'

आणि मग, अकराच्या सुमारास, पुन्हा कॅसेट : 'सलग काय म्हणतो? सलगचं मत आल्याशिवाय मी एक अक्षर मागे घेणार नाही.'

सलग म्हणजे तिचा भाऊ.

हे नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा तिला हसू आलं होतं आणि लगेच विरलंही होतं. कारण तो तोतरा होता. प, त आणि क वर तर असा अडायचा की मान एका बाजूला वळायची, डोळे मिटायचे, समोरचा माणूस उगाच घड्याळाकडे बघायचा... त्याने स्वतःला घेतलेलं नाव हे. कोणी ठेवलेलं नव्हे, घेतलेलं.

तो गेल्यावर पंधरवड्याने आईने हा फोन तिच्या हातात ठेवला होता. "कोणाकोणाशी बोलायचा बघ. त्यांना कळवायला हवं. माणसं वाट बघत असतील गं."

"आई, तो कुठे कोणाशी बोलायचा?" ती म्हणाली होती. किती सहज म्हणाली होती.

फोनला कुलूपसुद्धा नव्हतं. आत अकरा वर्षांचं लिखाण होतं. मास्तरांच्या एकेका अल्बमवर चार-चार पानं. कुठल्या ओळीत श्वास कुठे घेतलाय, तो तिथेच का घेतलाय. कोणाची चेष्टा, कोणाची समजूत, कोणाच्या घटस्फोटाच्या वेळी रोज सकाळी एक वाक्य. आणि पोस्टमनशी तर फोनवर बोललेलं — चाळीस मिनिटं, बावन्न मिनिटं, एकदा तर एक तास दहा मिनिटं. तिने ते आकडे पुन्हा पुन्हा पाहिले होते. घरात, जेवताना, तो दिवसाला दहा-बारा शब्द बोलायचा. एक तास दहा मिनिटं कोण बोललं होतं?

ती कळवायलाच बसली होती. ग्रुपवर कोणीतरी विचारलं होतं, 'सलग, आहेस ना रे? बरेच दिवस गप्प.' तिने 'मी त्याची बहीण' असं टाइप केलं, पुसलं. 'एक वाईट बातमी' असं लिहिलं, पुसलं. आणि मग कसं कोण जाणे, तिच्या बोटांनी एकच शब्द पाठवून दिला. 'आहे.' लागलीच सात जणांची उत्तरं आली. तो आहे म्हणून सात माणसांना बरं वाटलं होतं. एवढं कोणाला बरं वाटलेलं तिने या घरात कधी... मी तरी कधी दाखवलं होतं का?

त्यानंतर मागे फिरणं जमलं नाही. ती त्याच्या जुन्या लिखाणातून वाक्यं उसवायची आणि नव्या जागी बसवायची. तिचं कामच ते — एकाचं कापड उसवून दुसऱ्याच्या मापाचं करणं, शिवण आतल्या बाजूला गेली की कोणाला पत्ता लागत नाही. पोस्टमन फोन करायचा तेव्हा ती उचलायची नाही, 'घसा बसलाय, लिहूनच बोलू' असं कळवायची. तो म्हणायचा, 'बरं. जप.' चार महिने घसा बसलेला माणूस त्याला चालत होता.

"त्या पँटचं काय झालं?" मालकीणबाई पलीकडच्या टेबलावरून म्हणाल्या. त्यांच्या इस्त्रीतून वाफ निघत होती. "पाचला येणार आहेत ते बँकेतले."

"चेनच बदलते. जुनी गेली."

"बदल. आणि कानातलं काढ जरा, दोनदा हाक मारली तुला." मग, शर्टाची कॉलर उलटवत, "तेच गाणं ना? माझ्या नातीने डोकं उठवलंय. पण बरंय हं. निदान शब्द कळतात."

"हो," ती म्हणाली. "कळतात."

तिने इअरफोन काढला, ब्लेड घेतलं आणि जुन्या चेनची टीप एकेक करून तोडायला लागली. शब्द कळत होते, खरं आहे. पण आवडावेत की आवडू नयेत हे तिला कळत नव्हतं. तिसरं गाणं रांगेत उभ्या असलेल्या माणसाविषयी होतं, त्याचा नंबर येतो आणि तो मागच्याला पुढे जाऊ देतो, एवढंच. ते ऐकताना मघाशी तिचे हात थांबले होते. पण तिचे हात थांबणं म्हणजे सलगचं मत नव्हे. सलग काय म्हणाला असता? विकले गेले? की...

की ती पुन्हा तेच करत होती.

लहानपणी दुकानात तो 'पे... पे...' करायला लागला की हीच सांगायची, "पेन्सिल द्या." शाळेत, दवाखान्यात, गोदामाच्या मुलाखतीलासुद्धा, तिने बाहेर बाकावर बसायचं ठरलं होतं, पण ती आत जाऊन त्याच्याशेजारी उभी राहिली आणि साहेबांच्या प्रत्येक प्रश्नाला त्याच्याआधी उत्तर दिलं. नोकरी मिळाली. सगळे म्हणाले, बहीण असावी तर अशी. तिलाही तसंच वाटायचं. कधीकधी चुकायचं. एकदा उन्हाळ्यात तो तापाने पडला होता, 'पं... पं...' म्हणत होता, तिने धावत पाणी आणून दिलं. त्याने ते पिऊन टाकलं, सगळं. दुपारी आईने पंखा बंद केला तेव्हा तो म्हणाला, "केव्हाचं सांगत होतो." तेही आईलाच, तेही अडखळत, आणि तिच्याकडे न बघता. किती वेळा तो असं नको असलेलं पाणी प्यायला असेल.

पण ते तर काहीच नाही. ते ती कोणाला सांगूही शकली असती.

तो सोळाचा होता. तिला हात धरून आतल्या खोलीत घेऊन गेला, दार लावलं, टेपवर नुसता ठेका लावला आणि भिंतीकडे तोंड करून सुरू झाला — मास्तरांचं गाणं, अख्खं, साडेतीन मिनिटं, कुठेही न अडता. प आले, त आले, क तर एका ओळीत सात-आठ आले, आणि ते सगळे पाण्यासारखे त्याच्या तोंडातून वाहून गेले. संपल्यावर तो वळला. त्याच्या कपाळावर घाम होता आणि चेहरा... तो चेहरा तिने पुन्हा कधी पाहिला नाही. आणि ती, एकवीस वर्षांची, शहाणी, सगळ्यांची ताई, ती म्हणाली, "छान आहे रे. पण हे दुसऱ्याचं झालं. असं स्वतःचं बोलून दाखव ना."

त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं. तिने त्याच्या खांद्यावर थाप मारली आणि म्हणाली, "जमेल, जमेल." म्हणजे तेही वाक्य तिनेच संपवलं. त्यानंतर घरात मास्तर कधी मोठ्याने वाजले नाहीत. त्याने हेडफोन घेतला. तिला वाटलं, बरं झालं, समज आली.

पाच वाजता बँकेतला माणूस आला, नवी चेन दोनदा वरखाली करून बघितली आणि पँट घेऊन गेला. साडेपाचला मालकीणबाई निघाल्या. "कुलूप नीट लाव," एवढं म्हणाल्या, आणि दारात थांबून, "आणि घरी जा गं वेळेवर. आई एकटी असते."

"जाते."

ती गेली नाही. बाहेर अजून लख्ख उजेड होता, जिमचं दार उघडंच होतं. तिने मशीनवर झाकण घातलं, त्यावर कोपरं टेकली आणि फोन उघडला. ग्रुपवर आता दोन तट पडले होते, कॅसेटने ग्रुप सोडायची धमकी दिली होती, आणि दर पाच-सात निरोपांनंतर कोणीतरी म्हणतच होतं, सलगला येऊ दे. तिने जुन्या लिखाणात 'बाजार' हा शब्द शोधला. काहीतरी मिळालं असतं, जोडता आलं असतं. सहा वर्षांपूर्वीचा एक वाद मिळाला. तेव्हाही कॅसेट म्हणत होता की मास्तर सोपे झाले तर मी ऐकणं सोडेन, आणि त्याला तिच्या भावाने उत्तर दिलं होतं :

'मीही चिडेन कदाचित. पण खरं सांगू, त्यांनी एकदा तरी असं गाणं करावं की जे मला माझ्या घरात मोठ्याने लावता येईल.'

खाली पोस्टमनने विचारलं होतं, 'घरी कोणीच ऐकत नाही का रे?'

'ताईला ऐकवलं होतं एकदा. तिला आवडलं होतं. तिला वेळ नसतो.'

तिने ते वाचलं. पुन्हा वाचलं. तिला आवडलं होतं — हे त्याने का लिहिलं असेल... मला वाचवायला? जिथे मला कोणी ओळखत नाही तिथेसुद्धा? की त्याला खरंच तसं वाटलं होतं, ती 'छान आहे रे' म्हणाली तेवढंच त्याने ठेवून घेतलं आणि पुढचं टाकून दिलं? यातलं कुठलंही एक खरं असलं तरी ते सहन होण्यासारखं नव्हतं.

मत तर मिळालं होतं. अगदी हवं तसं, मापात. काल सकाळी भांडी विसळताना आई तेच गाणं गुणगुणत होती, नकळत, तो गेल्यापासून पहिल्यांदाच. म्हणजे गाणं घरात पोचलं होतं, मोठ्याने. ती लिहायला लागली : 'कॅसेट, तू सहा वर्षांपूर्वीही हेच म्हणाला होतास. माझं मत विचारशील तर मला हा अल्बम...' आणि तिथे थांबली. आवडला, असं लिहायचं होतं. एकच शब्द. पण सहा वर्षांत माणूस बदलतो. कदाचित तो चिडला असता. कदाचित त्याने ऐकून इअरफोन काढून ठेवला असता आणि चार पानं लिहिली असती, मास्तर, तुमचा श्वास आता मला ऐकू येत नाही म्हणून. कदाचित आईला गुणगुणताना ऐकून तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला असता. तिला माहीत नव्हतं. सदतीस वर्षं त्याची वाक्यं पुरी करून तिला एवढंही माहीत नव्हतं की त्याला काय म्हणायचं असायचं.

तेवढ्यात हातातला फोन वाजला. पोस्टमन.

तिने बोट लाल खुणेकडे नेलं, नेहमीसारखं... आणि उचलला.

"सलग?" जाडसर, दमलेला आवाज होता. मागे रहदारी ऐकू येत होती, बहुधा सायकल भिंतीला टेकवून तो कुठेतरी उभा होता. "घसा बरा झाला का? भांडण राहू दे रे. मला मत नकोय. म्हटलं, चार महिने झाले, आवाज तरी ऐकू."

तिच्या श्वासाचा आवाज त्याला गेला असणार, कारण तो लगेच म्हणाला, "हां, आहेस. सावकाश. मला कुठे जायचं नाहीये."

आणि तो गप्प झाला. ती वाट बघत होती की आता तो काहीतरी म्हणेल, दहा सेकंद, वीस सेकंद, माणसं म्हणतातच. पण तो गप्पच राहिला, आणि त्या गप्प राहण्यात कंटाळा नव्हता, घड्याळाकडे बघणं नव्हतं. असं एक तास दहा मिनिटं कोणीतरी भावासाठी उभं राहिलं होतं. ताई नव्हे. सांगून टाकायचं होतं तिला — मी त्याची बहीण, तो गेला, तेव्हाच कळवायला हवं होतं, आणि तुम्ही... पण एवढी सगळी वाक्यं एकदम पुढे आली आणि एकही बाहेर पडेना. दुरून एक मोटार गेली. ओठ 'मी'साठी मिटले होते आणि उघडत नव्हते, आणि पलीकडे कोणी तिच्या वतीने काहीही म्हणत नव्हतं.