पाण्याच्या डिशला सूज येईना

घेटुळीचा अर्क रक्तवाहिन्यांना दाहापासून वाचवतो, हे आम्रपालीने मार्च २००१ मध्ये सिद्ध केलं आणि तिला डॉक्टरेट मिळाली. असं काहीही झालेलं नाही. वरचं वाक्य आपण वाचलेलं नाही आणि ते कुणी लिहिलेलंही नाही.

झालं ते असं. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत आम्रपाली तीन वर्षं दोन डिश सांभाळत होती. दोन्हींत रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशी, प्रसूतिगृहातून मागून आणलेल्या नाळांतून काढलेल्या. दोन्हींत दाह उठवणारं द्रव्य घालायचं. मग एकीला घेटुळीचा, म्हणजे पुनर्नवेच्या झाडाचा अर्क, दुसरीला नुसतं पाणी. दुसरी चिडली, तरच पहिली अर्कामुळे शांत राहिली म्हणायचं. नाहीतर ती स्वभावानेच शांत असेल, कोण सांगणार?

आणि जानेवारीपासून दुसरी चिडतच नव्हती.

"औषधाशिवाय बरा होणारा पेशंट आणि पाण्याने बऱ्या होणाऱ्या पेशी, दोघांकडे मी संशयानेच बघते," मार्गदर्शक कुसुमताई म्हणाल्या. "पेशी बोलत नाहीत, म्हणून तुझ्याकडे बघतेय."

प्रबंधाची मुदत मार्चअखेर. खडकीच्या क्वार्टरवर वडिलांनी नवी पाटी लावली होती आणि तिच्या नावाआधी 'डॉ.' मावेल एवढी जागा कोरी सोडली होती.

आम्रपालीचा संशय आधी पाण्यावर गेला. तिने पाणी बदललं. मग आमोदवर. आमोद शेजारच्या टेबलावर हळदीवर संशोधन करायचा, म्हणजे हळदीकडे पाठ करून संगणकाची जावा भाषा शिकायचा. त्या वर्षी पुण्यात जावा गोवरासारखा पसरला होता.

"माझ्या डिशला हात लावतोस?"

"मी माझ्याच डिशला दिवाळीपासून हात लावला नाहीये, यार."

हे इतकं खरं होतं की संशय टिकेना. नाळ सदाशिव पेठेतली असेल तर पेशींवर बाहेरच्या कशाचाच परिणाम होत नसावा, असाही एक निष्कर्ष तिने काढून पाहिला.

शेवटी एका दुपारी सगळे जेवायला गेल्यावर ती रसायनांच्या कपाटामागे स्टूल टाकून बसली. दार उघडलं. आत आले श्रीधरकाका, प्रयोगशाळेतले सगळ्यात जुने तंत्रज्ञ. निवृत्तीला आलेले, आणि ओळखीच्यांच्या लग्नात हौसेने पंगत वाढणारे. त्यांनी हात धुतले, हातमोजे चढवले, दोन्ही डिश बाहेर काढल्या आणि पाण्याच्या डिशमध्ये अर्काचे थेंब सोडले.

"काका."

काका दचकले नाहीत. बाटलीला बूच लावत म्हणाले, "जेवलीस का?"

"हे काय चाललंय?"

"अगं, एकीला अर्क आणि शेजारचीला नुसतं पाणी. पंक्तिप्रपंच झाला हा. एका पंगतीत वाढताना भेद केला की पाप लागतं. आता जाता जाता कशाला?"

"त्या पेशी आहेत."

"मागत नाहीत बिचाऱ्या. म्हणून तर आपण बघायचं."

"पंगतीत भेद नको, हे तुमच्याकडे कधी ठरलं?" आम्रपालीने विचारलं. "माझ्या आजोबांना कुणी कळवलं नव्हतं."

काकांनी हातमोजे काढायला बराच वेळ घेतला. "उशीर झाला खरा," ते म्हणाले. "म्हणून म्हटलं, कुठूनतरी सुरुवात करावी."

"माझ्या प्रबंधापासून?"

"समोर तोच होता."

कुसुमताईंनी सगळं ऐकून घेतलं. "पटलं मला. थाप असती तर तू जरा बरी मारली असतीस," त्या म्हणाल्या. पण जानेवारीपासूनचं सगळं काम रद्द. नव्याने करायचं, आणि तेही काका तिथेच असताना. पेशींच्या कपाटाला कुलूप होतं. किल्ल्या काकांकडेच असत.

"पुन्हा करणार नाही म्हणा," आम्रपालीने त्यांना सांगितलं.

"म्हणतो. हात ऐकेल असं मात्र सांगत नाही."

तेव्हा तिने टेबलाशी बसून अर्ज लिहिला:

मा. कुलसचिव यांस, सविनय सादर. प्रबंधास सहा महिने मुदतवाढ मिळावी. तसेच सदर कालावधीत तंत्रज्ञ श्री. श्रीधर यांनी कामावर हजर राहावे, परंतु त्यांच्या दयाबुद्धीस बिनपगारी रजा मंजूर करण्यात यावी, ही नम्र विनंती.